ताम्रपर्णीवर नाव घालण्याआधी

ताम्रपर्णीवर तीन-चार दिवस वल्हवत जायचं आणि रात्री काठाला तंबू टाकायचा, असा बेत कुणी सांगितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बरगे घातले का? हवामान, नाव, सामान, सोबत कोण, हे सगळं त्यानंतर. कोल्हापूरकडच्या माणसाला बरगे म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. नदीच्या पात्रात आडव्या रांगेत दगडी खांब, दोन खांबांना समोरासमोर खाचा आणि त्या खाचांतून एकावर एक सरकवलेल्या लाकडी किंवा लोखंडी फळ्या. पाऊस उतरला की फळ्या घालून पाणी अडवायचं, उन्हाळ्यापर्यंत त्यावर ऊस आणि भाजीपाला काढायचा आणि मृगाच्या आधी फळ्या उपसून नदी मोकळी करायची. हा झाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, आणि या फळ्या म्हणजे बरगे.

चंदगड तालुक्यातल्या नद्यांवर असे बंधारे थोड्याथोड्या अंतरावर आहेत. ताम्रपर्णीवर चंदगड, माणगाव, कोवाड. घटप्रभेवर पिळणी, बिजूर-भोगोली, हिंडगाव, अडकूर. पुराच्या दिवसांत ‘अमुक बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी येते, त्यात हीच नावं असतात. पण नाव घालणाऱ्याने ती पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यात वाचायची. बरगे पडले की वाहती नदी उरत नाही. उतरंडीने मांडलेले लांबट तलाव उरतात. अशा नदीवर किलोमीटर मोजून बेत आखणारा फसतो. बंधारे मोजून आखणारा वेळेवर मुक्कामाला पोचतो.

आधी नदीची ओळख करून घेऊ. चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा शेवटचा तालुका. पश्चिमेला सह्याद्रीची धार, पलीकडे सिंधुदुर्ग आणि गोवा, पूर्वेला बेळगाव. घाटमाथ्यावरचं पाणी इथून पूर्वेला निघतं. घटप्रभेवर फाटकवाडीला धरण आहे, साठा जेमतेम दीड टीएमसी. ताम्रपर्णीवर जांबऱ्याचं धरण त्याहूनही लहान. घाटातला पाऊस असा की दोन्ही धरणं जुलैतच भरून सांडव्यावरून वाहू लागतात. ताम्रपर्णी चंदगड शहराला लागून पुढे रणजित देसाईंच्या कोवाडवरून कर्नाटकात उतरते आणि घटप्रभेला मिळते. त्याच घटप्रभेवर पुढे हिडकलचा जलाशय आणि गोकाकचा धबधबा. नकाशा पाहिला की हिडकलपर्यंत जायची हौस येते. पहिल्या खेपेला ती आवरावी. जलाशयाच्या फुगवट्यावर दुपारचा वारा सुटला की लहान नाव जागची हलत नाही आणि काठ खूप लांब असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण परदेशातल्या चित्रफिती पाहून आलेल्यांची इथे निराशा होते. आठ दिवस माणूस दिसणार नाही अशी रानातली नदी चंदगडात नाही. जिथे दाट जंगल आहे तिथे नदी बारीक आणि खडकाळ आहे. ती वल्हवण्याजोगी रुंद होते तिथे दोन्ही काठांना ऊस, भात आणि पंपांच्या खोल्या आहेत. मला हे उणं वाटत नाही. सकाळी धुक्यातून निघावं, दहा वाजता कुणी काठावरून ‘कुठलं पाव्हणं?’ म्हणून हाक मारावी, दुपारी गुऱ्हाळावर रस प्यावा आणि संध्याकाळी रवळनाथाच्या देवळासमोर पथारी पसरावी, असा प्रवास जगात फार ठिकाणी मिळत नाही. पण ज्याला निखळ एकांत हवा आहे त्याने दुसरी नदी शोधावी.

एकांताच्या ओढीने पुष्कळांची नजर तिलारीकडे जाते. धामणे गावाजवळचा, तिलारीनगरच्या बाजूचा जलाशय जंगलाच्या कुशीत आहे आणि दिसतोही मोहात पाडणारा. तिथलं पाणी विजेसाठी घाटाखाली उतरवलं जातं, त्यामुळे तो धरणाचा ताबा असलेला, पातळी बदलणारा साठा आहे. भोवतालचं रान हत्ती, गवे आणि अस्वलांचं. चंदगडचं सुमारे २२५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र आता संवर्धन राखीव आहे, आणि राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं किंवा आग पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. जलसंपदा आणि वन या दोन्ही खात्यांची लेखी परवानगी हातात नसेल तर तिलारीवर नाव घालू नये. ‘स्थानिक पोरं जातात’ हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही आणि हत्तीपुढे तर मुळीच नाही.

आता वेळ. जून ते सप्टेंबर या नद्यांकडे काठावरूनच पाहावं. २०१९ आणि २०२१ साली कोवाडची बाजारपेठ पाण्यात गेली होती, ती याच ताम्रपर्णीने. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी चढत असतं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, आणि उघड्या पाण्यावर वल्हं उभं धरून बसलेला माणूस हाच आसपासचा सगळ्यांत उंच बिंदू असतो. फेब्रुवारीनंतर उपसा वाढतो, कधी उपसाबंदी लागते, बंधाऱ्याखालचा भाग कोरडा पडतो. मधे उरते ती दिवाळीनंतरपासून जानेवारीपर्यंतची खिडकी. त्यातही नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर उत्तम: बरगे पडलेले, पाणी संथ, सुगी चालू, पहाटेची थंडी बोचरी पण दिवस सुखाचा. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि नदीही पूर्वेलाच जाते, म्हणजे वारा तोंडावर. म्हणून निघायचं सकाळी सातला आणि मुक्काम दुपारी तीनच्या आत गाठायचा. सहा वाजता अंधार पडतो. मधले तीन तास जागा, पाणी आणि गावकऱ्यांशी बोलणं यातच जातात.

बंधाऱ्यांची यादी हा या बेताचा कणा आहे. ती घरी बसून अर्धीच होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवून नदीवरची प्रत्येक आडवी रेघ टिपा: बंधारा, पूल, जुना साकव, खडकाचा पट्टा. मग एक दिवस मोटारसायकल काढून त्या प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जा. प्रत्येक बंधाऱ्यावर चार गोष्टी पाहायच्या. बरगे पूर्ण घातलेत की अर्धे? वरून पाणी पडतंय का? वरच्या अंगाला नाव कुठल्या काठाने बाहेर काढता येईल? आणि खालच्या अंगाला पुन्हा पाण्यात कुठून घालता येईल? शेवटचे दोन प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण सगळा दिवस त्यांवर ठरतो. एका काठाला पाणंद थेट पाण्यापर्यंत येते. दुसऱ्या काठाला दहा-बारा फुटांची मातीची दरड आणि वर कुंपण. चुकीच्या काठाला लागलात की सामानासकट नाव चढवता चढवता तास मोडतो.

हिशेब असा करा. सामान भरलेली नाव साठलेल्या पाण्यावर नवखा माणूस तासाला तीन किलोमीटर नेतो. एक बंधारा ओलांडायला, म्हणजे नाव रिकामी करणं, उचलणं, पुन्हा भरणं, पाऊण तास धरा. वल्हवणं आणि बंधारे ओलांडणं मिळून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त ठरवू नका. तीन बंधारे वाटेत असले तर सव्वादोन तास चालण्यातच गेले आणि दिवसाची मजल आठ किलोमीटरवर आली. आकडा लहान वाटेल, पण खांदे संध्याकाळी त्याला दुजोरा देतात. यादी झाली की जलसंपदा खात्याच्या शाखा कार्यालयात जाऊन आवर्तन कधी सुटणार ते विचारा. वरच्या धरणातून पाणी सोडलं की शांत बंधाऱ्यावरून एका रात्रीत पाणी वाहू लागतं. काठाला लागून बांधलेली नाव त्याच रात्री निघून जाते, म्हणून नाव रोज पूर्ण वर ओढून झाडाला बांधायची.

आणि वाहता बंधारा हा या नद्यांवरचा खरा मारेकरी आहे. वरून पाहिलं तर चार-पाच फुटांची साधी धार. वरच्या अंगाने नावेतून तर काहीच दिसत नाही, पात्राला एक सरळ रेघ फक्त. पण धार खाली आपटून तळाशी जाते आणि पृष्ठभागावरचं पाणी उलट फिरून बंधाऱ्याकडेच येत राहतं. त्यात सापडलेली नाव, ओंडका किंवा माणूस बाहेर फेकला जात नाही, जागच्या जागी गिरक्या घेतो. पट्टीचा पोहणाराही तिथे दमतो. अर्धे काढलेले बरगे त्याहून वाईट: मोकळ्या खाचेकडे पाणी ओढ घेतं आणि माणूस फळीवर दाबला जातो. त्यामुळे नियम साधा आणि बिनअपवाद. बंधारा शंभर मीटरवर आला की ठरलेल्या काठाला लागायचं आणि चालत जाऊन पाहायचं. धारेवरून नाव ‘उडवण्याची’ भाषा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सोबत घेऊ नये. ज्याला खळाळत्या पाण्याचा थरार हवा त्याने कोलाडला कुंडलिकेवर किंवा पावसाळ्यात गोव्यात म्हादईवर जाणत्या संस्थेबरोबर जावं. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला लावली आहे. ती नोंदणी मागून पाहायला संकोच करू नये.

नाव चंदगडात भाड्याने मिळेल या भरवशावर येऊ नका. या मुलखात नदी ओलांडायला गुऱ्हाळातली काहील वापरणारे धाडसी लोक होते, पोहायला शिकणारी पोरं पाठीला डबा बांधतात, पण ती काठावरून काठावर जाण्याची साधनं. प्रवासाला हवा भरायची दोन माणसांची मजबूत कयाक बरी: घडी करून एसटीच्या किंवा जीपच्या टपावर येते आणि बंधाऱ्यावर दोघांना उचलता येते. ट्रकची ट्यूब, थर्माकोलचा तराफा आणि समुद्रकिनाऱ्यावरची खेळण्यातली नाव, तिन्ही बाद. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पाण्यावर असताना सतत, बकलं लावून. खांद्याचे पट्टे धरून वर ओढावं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. निघण्याआधी आपल्या गावच्या तळ्यात, काठाजवळ, नाव मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करा. किमान तीन नावा असाव्यात, म्हणजे एकीवर संकट आलं तर एक मदतीला आणि एक खबर द्यायला. शिवाय एक गडी जीप घेऊन रस्त्याने. रोज संध्याकाळी तो ठरल्या गावात भेटतो. या माणसाला कमी लेखू नका, अडचणीत नदीवरच्या सगळ्यांपेक्षा तोच जास्त कामाला येतो.

साठलेल्या पाण्यातही काही गोष्टी सांभाळायच्या. उपसा पंपांचे फुटव्हॉल्व्ह आणि पाइप पाण्याखाली असतात, वरून वीजवाहक केबल लोंबते. पंपाच्या खोलीजवळ काठाला लागू नका आणि ओल्या हाताने केबल बाजूला सारू नका. मासेमारीची जाळी दिसली की वळसा घाला. जाळं फाटलं तर भरपाई देऊन मोकळं व्हा. बायका धुण्याला आलेल्या पाणवठ्यावरून वल्हं थांबवून, मधून, कॅमेरा खाली ठेवून जायचं.

मुक्कामाची जागा म्हणजे कुणाची तरी जागा. काठची मळी शेतकऱ्याची, गायरान गावाचं, राई देवाची. म्हणून पाहणीच्या फेरीतच पोलीस पाटलांना आणि सरपंचांना भेटून तारीख सांगून ठेवा. चंदगड पोलीस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात एका पानाचं पत्र द्या: नावं, वयं, मार्ग, मुक्काम. वाटेत कुठे वनहद्द लागत असेल तर चंदगड किंवा पाटणे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. बहुतेक गावांत उत्तर येतं, ‘नदीवर कशाला झोपताय, शाळेच्या व्हरांड्यात या की.’ ते नाकारू नये. विशेषतः नोव्हेंबरात.

कारण नोव्हेंबरात भात पिकलेलं असतं आणि भाताला टस्कर येतो. साधारण २००० सालानंतर कर्नाटकातून या बाजूला आलेले हत्ती आता चंदगड आणि आजऱ्याच्या शिवारांना सवयीचे झाले आहेत. पिकलेलं भात, उभा ऊस आणि केळीची बाग यांच्या कडेला तंबू टाकू नये. शेतकरी माळ्यावर बसून रात्र जागवत असेल तर ती सूचना समजा आणि गावात जा. गूळ, केळी, फणसाचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत. हत्ती दिसलाच तर बॅटरीचे झोत, फटाके, आरडाओरडा यातलं काहीही न करता त्याला वाट देऊन मागे सरायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. एकटा गवा उसातून अचानक निघतो. त्याच्याही बाबतीत अंतर हाच उपाय.

हत्तीची भीती सगळ्यांना वाटते, गोचिडीची कुणाला वाटत नाही. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण निघाले. हा आजार गोचिडीमार्फत पसरतो आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा काळ. रानालगत पायजमा मोज्यात खोचावा, डीएमपी तेल लावावं, पाचोळ्यावर बसू नये, रोज संध्याकाळी एकमेकांच्या माना, काखा, कमरा तपासाव्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला सांगावं. घरी परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना ‘चंदगडच्या रानात होतो’ हे स्वतःहून सांगा.

सापांच्या बाबतीत हा तालुका उलट शहाणा आहे. ढोलगरवाडीच्या शाळेने सापांविषयीचं शिक्षण पिढ्यांमागून पिढ्यांना दिलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळेच या भागात आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून तळ शिवलेला, चेन लागणारा तंबूच हवा. चावा झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करायचा, वेळ लिहून ठेवायची, १०८ ला फोन करायचा आणि त्याच वेळी जीप काढायची. चंदगडला ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय, पूर्वेच्या टप्प्यात बेळगाव जवळ. कुठल्या बंधाऱ्यापासून कुठलं जवळ पडतं ते यादीतच लिहून ठेवा.

खाण्यापिण्याचं फार अवघड करू नका. कोरडा शिधा माणशी दिवसाला अर्धा किलोच्या वर लागतो: तांदूळ, मूगडाळ, बेसन, भडंग, शेंगदाणे, गूळ, चटणी. बाकी गावात मिळतं, नाचणीची भाकरी आणि उकडलेली रताळी तर आग्रहाने मिळतात. पैसे घ्यायला नकार आला तर घरातल्या मुलांच्या हातावर काही ठेवा. नदीचं पाणी मात्र पिऊ नका. उसाची खतं, औषधं आणि गावांचं सांडपाणी त्यात उतरतं, आणि उकळल्याने जंतू मरतात, औषधं जात नाहीत. पिण्याचं पाणी गावच्या नळाचं किंवा बोअरचं घ्यायचं, तेही उकळून. स्वयंपाक लहान गॅसवर. फेब्रुवारीकडे झुकताना वाळल्या गवतात ठिणगी नको. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, एक वीत खोल खड्डा, वर माती. प्लॅस्टिक सगळं परत.

कपडे सुती नकोत, जीन्स तर नकोच. कोरडं ठेवायचं सामान रिंगच्या झाकणाच्या निळ्या पिंपात घाला. महागड्या पिशव्यांइतकंच ते चालतं आणि रात्री बसायला होतं. शिट्टी, वीस मीटर दोर, सुरी, ठिगळाचं सामान, डोक्याला बांधायची बॅटरी. मोबाइलला घाटाकडे रेंज नाही आणि पूर्वेला तो कर्नाटकचा मनोरा पकडतो, म्हणून फोनवर विसंबू नका. घरच्या एका माणसाकडे मार्गाचा कागद असू द्या आणि त्यावर ठळक लिहा: रात्री आठपर्यंत जीपवाल्याचा निरोप आला नाही तर ११२ ला फोन करायचा.

पहिल्या वर्षी चार दिवसांचा हट्ट सोडा. चंदगडाखालून निघून दोन रात्री काढा आणि कोवाडला नाव बाहेर घ्या. बंधारे ओळखीचे झाले की पुढच्या वर्षी घटप्रभा आहेच. दिवाळीनंतर जायचं असेल तर पाहणीची मोटारसायकल नवरात्रातच काढा, कारण बरगे पडताना बंधाऱ्यावर जी माणसं हजर असतात, तीच तुम्हाला नदीबद्दल सगळ्यांत जास्त सांगू शकतात.